खुराडं पक्कं बंद केलं, आता कोंबड्या शिंकतायत

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात मजकूर असा. घरामागच्या परसात दोन वर्षांपासून त्यांनी आठ कोंबड्या पाळल्या होत्या. लाकडी चौकट, षटकोनी भोकांची बारीक तारेची जाळी आणि वर पत्रा, असं खुराडं त्यांच्या यजमानांनी स्वतः बांधलं होतं. दीड महिन्यापूर्वी रात्री कोणता तरी प्राणी आत शिरला. सकाळी पाहतात तर तीन कोंबड्या मरून पडलेल्या, त्यातल्या एकीची मान जाळीतून बाहेर ओढलेली, एक कोपरा उचकटलेला आणि खालची माती उकरलेली. त्याच दिवशी यजमानांनी चारही बाजूंनी पत्रे ठोकले आणि उरलेल्या फटी प्लॅस्टिकने बुजवल्या. तेव्हापासून कोंबड्या दिवसातून तासभर बाहेर येतात, तेही कोणी उभं असेल तरच. आता उरलेल्या पाच शिंकतायत. आत शिरलं की डोळे चुरचुरतात. रोज पाच-सहा अंडी मिळायची, ती एकावर आली. सासूबाई म्हणतात, कोंबडी मोकळीच बरी, दिवसभर सोडा. यजमान म्हणतात, त्या प्राण्याला विष घालू. नऊ वर्षांची मुलगी रोज विचारते, नव्या कोंबड्या कधी आणायच्या? ताईंना मात्र वाटतं की आपल्याच्याने हे झेपत नाही, कोणाला तरी देऊन टाकाव्यात. "मी त्यांना वाचवलं की कोंडलं, हेच मला कळेनासं झालंय," असं त्यांनी शेवटी लिहिलंय.

ताई,

पत्राच्या मधोमध एक वाक्य आहे, ते तुम्ही घाईघाईत लिहून पुढे गेलात. त्या रात्री तुम्हाला फडफड ऐकू आली होती, आणि मांजर असेल म्हणून तुम्ही कूस बदललीत. मला वाटतं, सगळं पत्र त्या वाक्यापाशी अडकलंय, म्हणून सुरुवात तिथूनच करते. तुम्ही उठून धावला असतात तरी बहुधा उशीर झाला असता. कोंबडीला अंधारात फारच कमी दिसतं. दांडीवर बसलेली कोंबडी रात्री पळून जात नाही, जागच्या जागी फडफडते. अशा कोंदट जागेत शिकारी प्राणी शिरला की सगळं काही मिनिटांत उरकतं. एक मारून तो थांबतही नाही, कारण समोर फडफड चालू असेपर्यंत त्याची मारायची ऊर्मी शमत नाही. म्हणून तीन मेल्या आणि तिन्ही जागेवरच पडलेल्या मिळाल्या. त्यात सूड नव्हता. आणि आत यायची वाट काही त्या रात्री तयार झाली नव्हती. खुराडं बांधलं त्या दिवसापासून ती होतीच, फक्त तोवर कोणाला सापडली नव्हती.

मी पहिल्यांदा कोंबड्या पाळल्या तेव्हा दाराखाली दोन बोटांची फट होती. रोज सकाळी झाडताना ती दिसायची. तिथून घूस आत आली आणि एका रात्रीत सहा पिल्लं गेली. त्यानंतर मीही तुमच्या घरच्यांसारखंच केलं. दिसेल ते भोक बुजवलं, खिडकीसुद्धा सोडली नाही. त्यामुळे तुमच्या पाच जणी आज का शिंकतायत याचा अंदाज मला पत्र वाचतानाच आला.

खुराडं जितकं बंद तितकं सुरक्षित, असं तुम्ही सगळ्यांनी धरून चाललंय. त्या सकाळनंतर तसं वाटणं अगदी साहजिक आहे. पण बाहेरचा प्राणी एखाद्या रात्री येतो, आणि आतली हवा रोज रात्री दहा-बारा तास त्यांच्या नाकात जाते. कोंबडीच्या शिटेत जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी असतं. रात्रभरात दांडीखाली तिचा ढीग साचतो, त्यात पाच जणींच्या श्वासातली वाफ. एवढ्या ओलीला बाहेर पडायला वाट नसली की खालचा भुसा भिजतो, आणि ओल्या शिटेतून अमोनिया सुटतो. तुमचे डोळे चुरचुरतात ते त्यानेच. तुम्ही आत दोन मिनिटं असता, उभ्या असता. कोंबड्या त्या ढिगाच्या वर फूट-दोन फुटांवर बसून पहाट करतात. अमोनियाने श्वासनलिकेच्या आतली बारीक लव खराब होते. धूळ आणि जंतू बाहेर ढकलायचं काम या लवेचं. तीच गेली की एरवी ज्या जंतूंना कोंबडी दाद देत नाही, तेच तिला आडवं करतात.

उद्या सकाळी एक करून पाहा. कोंबड्या सोडायच्या आधी दारात गुडघ्यावर बसा, डोकं दांडीच्या उंचीला आणा आणि तिथे दोन-तीन श्वास घ्या. मग खालचा मूठभर भुसा उचलून दाबा. मूठ उघडल्यावर तो मोकळा सांडला पाहिजे. लाडवासारखा गोळा राहिला तर तुमच्या खुराड्याचं दुखणं तुमच्या तळहातावर आहे.

वाचवायचं की कोंडायचं, या पेचातून सुटायला पत्रा आणि मोकळं आकाश एवढे दोनच रस्ते नाहीत. हवा जाईल आणि पंजा जाणार नाही, अशी जाळी मिळते. तुमची आधीची षटकोनी भोकांची जाळी कोंबड्यांना आत ठेवायला ठीक असते. बाहेरच्याला अडवायला ती निरुपयोगी. तार नाजूक, कुत्र्याने दात लावले तर फाटते, आणि भोकातून पंजा किंवा तोंड सहज आत जातं. जाळीतून ओढलेली ती मान हेच सांगते. चौकोनी भोकांची, सांधे वेल्ड केलेली, जाड तारेची जाळी घ्या. भोक अर्ध्या इंचाचं, त्याहून मोठं नको. एक इंचाचं स्वस्त पडतं म्हणून पुष्कळ जण ते घेतात, पण त्यातून उंदीर आणि सापाचं पिल्लू आरामात जातं. जाळी खिळे वाकवून अडकवू नका. वर लाकडी किंवा लोखंडी पट्टी ठेवून, वायसर घालून स्क्रूने आवळा. तुमचा कोपरा उचकटला तो तार तुटून की खिळा सुटून, हे यजमानांना एकदा नीट बघायला सांगा. माझा अंदाज, खिळा सुटला असणार.

उकरण्यावर एक सोपा उपाय आहे, त्यासाठी खोल चर खणावा लागत नाही. भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट रुंदीची तीच जाळी जमिनीवर आडवी पसरा, भिंतीच्या जाळीला तारेने शिवून टाका, वर माती आणि दगड घाला. उकरणारा प्राणी नेहमी भिंतीला नाक लावून उकरतो. नखाला जाळी लागली की थोडं सरकून पुन्हा भिंतीपाशीच प्रयत्न करतो. दोन फूट मागे जाऊन सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. काही दिवसांत गवत वर येतं आणि जाळी दिसेनाशी होते.

तो प्राणी कोणता होता हे तुम्ही दोनदा विचारलंय. उकरलेली माती आणि न खाता टाकलेल्या कोंबड्या पाहता कुत्रा असू शकतो, मुंगूसही असू शकतं. पत्रावरून खात्रीने सांगता येणार नाही, आणि त्यावर फार वेळ घालवूही नका. भोकाचं माप ठरवताना सगळ्यांत बारीक प्राणी डोळ्यांसमोर आणा आणि पट्टी ठोकताना सगळ्यांत दांडगा.

आता हवेसाठीची भोकं कुठे ठेवायची ते सांगते, कारण ती चुकीच्या जागी केली तर वारा थेट अंगावर येतो आणि कोंबड्या पिसं फुगवून कुडकुडत बसतात. बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, छताखाली, समोरासमोरच्या दोन बाजूंना, लांबीभर वीतभर उंचीची पट्टी उघडी ठेवा आणि तिला तीच अर्ध्या इंचाची जाळी लावा. गरम, दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. खाली, दांडीच्या उंचीला, भिंत बंद असली तरी चालेल. पावसाच्या बाजूला छत हातभर पुढे काढा. थंडीची धास्ती घेऊ नका. कोंबडीच्या अंगातली उष्णता 41 ते 42 अंश सेल्सिअस असते आणि वर पिसांची गोधडी. कोरडी कोंबडी बरीच थंडी सोसते, ओली कोंबडी थोडीशीही नाही. उलट उकाडा तिला लवकर मारतो. तिला घामाच्या ग्रंथीच नाहीत. चोच उघडी टाकून धापा टाकणं आणि पंख अंगापासून दूर धरणं, एवढेच अंग थंड करायचे मार्ग तिच्याजवळ आहेत. तिशीपलीकडे पारा गेला की तिचा त्रास सुरू होतो. चारही बाजूंना पत्रा असलेलं खुराडं दुपारी भट्टी होतं, म्हणून निदान दोन बाजूंचे पत्रे लगेच काढायला घ्या. पण आधी जाळी बसवा आणि मग पत्रा काढा. एक रात्रही उघडी जाऊ देऊ नका. तो प्राणी त्या जागेची चव घेऊन गेलाय, तो पुन्हा येऊन बघणारच.

दांडीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. ती जाळीला लागून असेल तर निदान फूटभर आत घ्या. साधारण दोन इंच रुंदीची, वरून गुळगुळीत, कडा घासलेली पट्टी असली की कोंबडीचं पाऊल तिच्यावर सपाट बसतं. एकीला वीतभर जागा लागते. अंडी घालायच्या खोक्यांपेक्षा दांडी उंच असू द्या. कोंबडी रात्री मिळेल त्या उंच जागी चढते, आणि खोके उंच असले तर त्यातच झोपून घाण करते. दांडीखाली एक फळी टाकलीत आणि रोज सकाळी ती खरवडलीत, तर रात्रीची सगळी घाण भुशात मिसळायच्या आधीच बाहेर जाते. पाच कोंबड्यांना दोन मिनिटांचं काम आहे. वास कमी करायला याच्याइतका स्वस्त उपाय मला माहीत नाही. ती ताजी शीट थेट झाडांना घालू नका, मुळं जळतात. पालापाचोळ्यात काही महिने कुजू द्या.

शिंकांचं काय? हवा मोकळी झाली, भुसा बदलला आणि पाच-सात दिवसांत शिंका थांबल्या, तर तो अमोनियाचाच त्रास होता. पण तेवढे दिवस रोज एकेकीला हातात घेऊन बघा. डोळ्यात फेस आहे का, नाकातून चिकट पाणी येतं का, चेहऱ्याला सूज आहे का, श्वासाला घरघर आहे का. यातलं काहीही दिसलं तर तिला वेगळी ठेवा आणि पशुवैद्याला दाखवा. हिरवट पातळ शीट, लटपटणारे पाय, पिळवटलेली मान, अशी लक्षणं दिसली तर राणीखेत म्हणजे मानमोडी असू शकते. मग एका दिवसाचाही उशीर नको. मानमोडीवर औषध नाही, फक्त लस आहे. तुमच्या कोंबड्यांना ती दिली होती का, हे पत्रात नाही. नसेल तर पशुवैद्याला विचारा, पण आजारी कोंबडीला लस टोचायची घाई करू नका. घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून देऊ नका, ही कळकळीची विनंती. आजार विषाणूचा असेल तर त्यांचा उपयोग नाही, आणि औषधाचा अंश अंड्यात उतरतो तो तुमच्या मुलीच्या पोटात जातो. कधी एकाच दिवशी दोन-तीन पाखरं कारण न कळता मेली, तर उघड्या हाताने उचलू नका, खाऊ नका, कोणाला देऊ नका, सरळ सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. बर्ड फ्लूची शंका अशीच वेळेत कळली पाहिजे.

अंडी कमी झाली यात मला नवल वाटत नाही. भीतीनेच कोंबडी आठवडा-दोन आठवडे अंडी थांबवते. पण त्याला आता दीड महिना झाला, म्हणजे तेवढंच कारण नाही. कोंबडी अंडं घालते ती उजेडाच्या हिशेबाने. दिवसाला 14 ते 16 तास उजेड मिळाला तर ती भरभरून घालते, त्याहून बराच कमी झाला की शरीर आवरतं घेतं. तुम्ही पत्रे ठोकले तेव्हा प्राण्याबरोबर सूर्यही बाहेर राहिला. तासभर बाहेर आणि तेवीस तास अंधारात, त्यात अंडं कुठून येणार? जाळी लागल्यावर हे आपोआप सुधारेल. शिवाय जमिनीवर पिसंच पिसं पडलेली दिसत असतील आणि मान विरळ झाली असेल तर त्या पिसं गाळतायत. त्यात दोन-तीन महिने जातात आणि तोवर अंड्यांची वाट बघायची नाही.

खाण्याचंही एक सांगते. तुम्ही लिहिलंय की घरातलं उरलंसुरलं आणि दाणे त्यांना पुरतात. पोट भरतं हे खरं. पण एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि ते खाण्यातून आलं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मिळणारं तयार खाद्य मुख्य ठेवा, एकीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, त्या आपल्या गरजेप्रमाणे टिपतील. उरलंसुरलं चवीपुरतं. बुरशी लागलेलं काहीही नको. माणसाला नुसता वास जाणवेल एवढी बुरशीही कोंबडीच्या यकृताला भारी पडते. पाणी मात्र कधीही संपता कामा नये. उन्हाळ्यात एक कोंबडी अर्धा लिटरपर्यंत पिते, आणि काही तास भांडं कोरडं राहिलं तरी अंड्यांवर परिणाम होतो.

सासूबाईंच्या बोलण्यात मला पुष्कळ तथ्य दिसतं, आणि ते तुम्ही त्यांना सांगा. कोंबडीला माती लागते. तुमच्या त्या तासाभरात एकदा नीट बघा. एखादी कोरड्या मातीत खड्डा करून आडवी होते, एक पंख पसरते, पायाने माती पिसांत उडवते, डोळे अर्धे मिटते, आणि शेवटी उठून अंग असं झटकते की धुळीचा लोट उठतो. ती तिची आंघोळ. या मातीनेच अंगावरच्या उवा आणि किडे गळतात. ती मिळाली नाही तर पाखरू वैतागतं, शेजारणीची पिसं उपटायला लागतं. पण "मोकळी सोडा" म्हणजे दिवसभर लक्ष न देता सोडा, असं नको. घार आणि शिक्रा दिवसाच येतात. खुराड्याला जोडून जाळीचं अंगण करा, एकीला निदान आठ-दहा चौरस फूट मिळेल एवढं, वर जाळी किंवा सावलीचं कापड. आत खुराड्यात एकीला चार चौरस फूट पुरतं. अंगणाबाहेर सोडायच्या तर संध्याकाळचा अंधार पडायच्या आधीचा तास-दीड तास उत्तम. त्या वेळी तुम्ही घराजवळ असता, आणि अंधार पडू लागला की त्या स्वतःच दांडीवर परततात. हाकायला लागत नाही. फक्त मोजायच्या आणि दार लावायचं. कडी अशी असावी की ती उघडायला दोन वेगळ्या हालचाली लागतील. नुसती वर उचलायची कडी हुशार जनावर नाकाने उचलतं.

एकच जागा वर्षानुवर्षं तुडवली तर ती उघडी, चिकट होते आणि तिथे जंतांची अंडी आणि रक्ती हगवणीचे परजीवी साचतात. ओल आणि ऊब मिळाली की हे परजीवी एक-दोन दिवसांत रोग पसरवायला तयार होतात, आणि पिल्लं त्याला पहिली बळी पडतात. म्हणून अंगणाचे दोन भाग करता आले तर आलटून पालटून वापरा.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन जा आणि दांडीच्या खालच्या बाजूवर, सांध्यांत, खिळ्यांच्या भोवती उजेड टाका. पांढरा कागद दांडीखाली घासून पाहा. लालसर ठिपके किंवा रक्ताचे फरकाटे उमटले तर तुमच्याकडे लाल माइट, म्हणजे गोचिडीच्या जातीचे बारीक किडे आहेत. दिवसभर लाकडाच्या भेगांत लपतात आणि रात्री रक्त पितात. दिवसा कोंबडी तपासली तर तिच्यावर काहीच सापडत नाही, म्हणून माणसं महिनोन्महिने फसतात. फिका पडलेला तुरा, घटलेली अंडी, संध्याकाळी आत जायला टाळाटाळ, ही त्यांची लक्षणं. हे किडे रिकाम्या खुराड्यातही काही महिने तग धरतात, त्यामुळे नव्या कोंबड्या आणायच्या आधी हे बघून घेतलंच पाहिजे.

विषाला माझा स्पष्ट नकार आहे, आणि यजमानांचा राग समजूनही मी तो सांगते. परसात ठेवलेलं विष कोण खाईल हे तुमच्या हातात नाही. शेजाऱ्याचा कुत्रा खाईल, तुमची कोंबडीही खाईल. विषाने मेलेला उंदीर घुबडाने खाल्ला तर तेही जातं, आणि उंदीर आवरायला तेवढी तरी मदत होती. शिवाय एक प्राणी गेला की त्याच्या हद्दीत दुसरा येतो. आमिष तसंच राहतं ना. ते आमिष मात्र कमी करता येतं. रात्री खाद्याचं भांडं उचलून झाकणाच्या डब्यात ठेवा, सांडलेले दाणे झाडून घ्या, अंडी संध्याकाळपर्यंत गोळा करा. दाण्यांमागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप.

आता देऊन टाकायचं. शिंका चालू असताना तरी देऊ नका. तो आजार असला तर दुसऱ्याच्या कळपात पोचेल. महिनाभर थांबा. जाळी आणि हवा नीट झाल्यावर पाच कोंबड्यांचं रोजचं काम साधारण पंधरा-वीस मिनिटांचं असतं, आठवड्यातून एकदा तासभर. तेवढं जमणारं आहे का, हे तेव्हा ठरवा. भीतीच्या भरात नको. आणि जमणार नाही असं वाटलं तर त्यात कमीपणा नाही. जागा चांगली बघून द्या, एवढंच. घरात आणखी एक बोलणं मात्र आत्ताच व्हायला हवं. तुमच्या कोंबड्या दोन वर्षांच्या पुढे गेल्यात. अंडी पहिल्या वर्षी सर्वांत जास्त येतात, मग दरवर्षी कमी होत जातात, आणि कोंबडी मात्र पाच-सात वर्षं सहज जगते. अंडी थांबलेल्या कोंबडीचं काय करायचं, यावर तुमचं, यजमानांचं आणि सासूबाईंचं एकमत आहे का? मुलीने प्रत्येकीला नाव ठेवलंय, असं तुम्ही लिहिलंत. ते उत्तर तिलाही आधीच माहीत असलेलं बरं.

नव्या आणायच्याच असतील तर खुराडं नीट झाल्यावर महिनाभर निभावून बघा, मगच. आणल्यावरही त्यांना 30 दिवस वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांत ठेवा. आधी जुन्यांचं काम उरका, मग नव्यांचं, आणि मधे हात धुवा. एकटी आणू नका. कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या थॉरलाइफ श्येल्डरूप-एबे यांनी 1921 मध्ये ती पहिल्यांदा नीट मांडली, लहानपणापासून कोंबड्यांकडे बघत बसून. तुमच्या तीन गेल्यावर उरलेल्या पाच जणींत ही उतरंड नव्याने लागली असेलच. त्यात एकटी परकी टाकली तर पाचही जणी तिच्यावर तुटून पडतील. दोन-तीन एकदम आणा, आठवडाभर मधे जाळी ठेवून नुसतं एकमेकींना बघू द्या, मग एके रात्री अंधारात दांडीवर शेजारी बसवा. दोन ठिकाणी खाद्य, दोन ठिकाणी पाणी. थोडी टोचाटोची होईल, ती होऊ द्या. रक्त दिसलं तरच मधे पडा, कारण लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथेच टोचतात.

मुलीला कोंबड्यांना मिठी मारू द्या, पण तोंडाजवळ नको, आणि नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ नको. धडधाकट कोंबडीच्या शिटेतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

आणि नव्या कोंबड्या कधी, या तिच्या प्रश्नाला एक काम द्या. आधी भुसा काढून खुराडं दिवसभर हवेशीर होऊ द्या. मग एखाद्या भर दुपारी तिला आत बसवा, तोंडाला रुमाल बांधून, आणि दार लावून घ्या. तुम्ही बाहेर थांबा. आतून उजेडाची जी जी रेघ दिसेल तिच्यावर ती बोट ठेवून ओरडेल, तुम्ही बाहेरून खडूने खूण करा. पाच मिनिटं पुरतात. मग यजमानांना जाळी, पट्टी आणि स्क्रू घेऊन त्या खुणांवरून फिरू द्या. छताखालच्या खुणा मात्र बुजवायच्या नाहीत. तिथे भोक मोठं करायचंय आणि मग जाळी लावायची.